सोळा ऑगस्टचा गुंता सोडवून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

स. न. वि. वि.

जुन्या सामन्यांच्या आठवणी तपासायच्या कशा, हे तुम्ही ज्यात लिहिलंत त्या वहीची झेरॉक्स काढून झाली. मूळ वही रजिस्टर पोस्टाने परत पाठवतो आहोत, हे पत्र तिच्यासोबतचं. ते जाहीर ठेवलं आहे, कारण जुन्या सामन्यांच्या आठवणी उतरवून घेणारे आणखीही बरेच जण आहेत आणि तुम्ही दाखवलेल्या खाचाखोचा त्यांच्याही उपयोगी पडतील.

१६ ऑगस्ट १९८०. कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल, कलकत्ता लीगचा फुटबॉल सामना. स्टँडमध्ये मारामारी, मग चेंगराचेंगरी, १६ प्रेक्षकांचा मृत्यू. एवढं फुटबॉलवेड्या माणसाला ठाऊक असतं. पण कोलकात्यात वाढलेल्या मराठी मंडळींकडून त्या दिवसाबद्दल ऐकायला बसलं, की तिथे हजर असलेली माणसं ईडनमध्ये मावणार नाहीत इतकी निघतात. खोटं कुणीच बोलत नसतं. तुम्ही म्हणालात तसं, चाहता आयुष्यात दहा-पंधरा मोठे सामने बघतो आणि म्हातारपणी त्यांचा एकच सामना होऊन बसतो. आपलं काम ते धागे सुटे करण्याचं.

त्यासाठी तुम्ही दिलेला पहिला प्रश्न आम्ही आता सगळ्यांनाच विचारतो: मैदानावर गेलात कसे? ‘मेट्रोने’ म्हणाले, तर तो सामना १९८० चा नव्हे. कोलकात्याची मेट्रो सुरू झाली ऑक्टोबर १९८४ मध्ये. ट्रामने एस्प्लनेडला उतरून ‘मैदान’ नावाचा शहरातला मोकळा माळ तुडवत गेलो म्हणाले, तर पुढे बोलायला हरकत नाही. ‘दिवे लागले होते’ हे वाक्यही असंच पकडायचं. ईडनवर प्रकाशझोत आले १९९३ च्या क्रिकेटच्या हीरो कपच्या वेळी. दिव्याखालचा मोठा सामना आठवत असेल तर तो बहुतेक सॉल्ट लेक स्टेडियमवरचा, आणि ते स्टेडियम खुलं झालं १९८४ मध्ये. टीव्हीवर रंगीत पाहिलं म्हणणाऱ्यांना १९८२ च्या अलीकडे आणून सोडायचं.

वाराची चाचणी तर फुकटची. १६ ऑगस्ट १९८० हा शनिवार होता. म्हणजे आदल्या दिवशी, शुक्रवारी, पंधरा ऑगस्टची सुट्टी आणि दुसऱ्या दिवशी रविवार. ‘सामन्यातून आलो नि दुसऱ्या दिवशी झेंडावंदन होतं’ असं कुणी सांगितलं, तर तो माणूस दोन दिवस उलटे लावतो आहे. त्याला खोडून काढायचं नाही, फक्त विचारायचं, बातमीचा पेपर घरी आला तेव्हा घरातले लोक कामावर गेले होते का? रविवारचं घर डोळ्यासमोर आलं, की बाकीचं आपोआप जागेवर बसतं.

आमच्या कच्च्या मसुद्यात एका गृहस्थांच्या तोंडी पाच गोल आणि दोन लाल कार्डं एकाच संध्याकाळी होती. तुम्ही समासात नुसतं ‘दोन सामने’ लिहून ठेवलंत. बरोबरच आहे. पाच गोल ३० सप्टेंबर १९७५ चे, आयएफए शील्ड या स्पर्धेच्या अंतिम सामन्यातले, ईस्ट बंगाल ५-०. १९८० चा सामना गोलशून्य राहिला. त्यात मध्यंतरानंतर ईस्ट बंगालचा दिलीप पालित आणि मोहन बागानचा बिदेश बोस एकमेकांना भिडले आणि पंच सुधीन चॅटर्जींनी दोघांनाही बाहेर काढलं. दोन्ही संघांकडून खेळलेल्या श्याम थापाचं नाव निघालं की शर्टाचा रंग विचारा, ही तुमची सूचनाही लाखमोलाची. ७५ च्या पाचांतले दोन गोल त्याचेच, अंगात ईस्ट बंगालचा लाल-सोनेरी. ७८ च्या लीगमध्ये त्याने मारलेली ती प्रसिद्ध बायसिकल किक मात्र ईस्ट बंगालच्याच विरुद्ध, अंगात मोहन बागानचा हिरवा-मरून. नाव तेच, संघांची जोडी तीच, आणि आनंद नेमका उलट्या घरात. शर्टाचा रंग सापडला की घरात त्या रात्री हिल्सा शिजली होती (ईस्ट बंगालवाल्यांच्या आनंदाची) की कोळंबी (मोहन बागानवाल्यांची), हेही सापडतं.

मुंबईच्या लोकांबद्दल आम्ही जरा जास्तच संशय घेत होतो. मुंबईच्या कूपरेज मैदानावर हे दोन संघ एकमेकांशी खेळताना पाहिले, असं कुणी सांगितलं की ऐकीव म्हणून बाजूला टाकत होतो. तुम्ही तिथेच होणाऱ्या रोव्हर्स कप स्पर्धेची आठवण करून दिलीत. १९७२ मध्ये तर दोघे संयुक्त विजेते होते. बाजूला टाकलेलं सगळं परत काढलं.

आता पेरिस्कोप, म्हणजे डोक्यांवरून पाहायची दोन आरशांची नळी. हा भाग वहीत तुम्ही आकृती काढून समजावला आहे आणि आम्हाला तो सगळ्यात आवडला. ‘मैदान’ माळावरच्या क्लबांच्या ग्राउंडांवर तिकीट न मिळालेले लोक फोर्ट विल्यमच्या तटाच्या उतारावर किंवा कुंपणाबाहेर उभे राहायचे आणि पुठ्ठ्याचा पेरिस्कोप डोक्यांच्या वर काढून सामना बघायचे. खोका तीन इंच चौरस असेल तर आरसा तीन इंच घेऊन चालत नाही. तो ४५ अंशांत तिरका बसतो, त्यामुळे त्याची लांबी सव्वाचार इंच लागते, रुंदी तीन. वरचा आणि खालचा आरसा एकमेकांना समांतर, तोंडं समोरासमोर. एक जरी पाच अंश कलला तरी चित्र दहा अंशांनी सरकतं आणि गोलपोस्टऐवजी आभाळ दिसतं. नळी जितकी उंच तितकं दिसणारं मैदान चिंचोळं, म्हणून फार उंच केली की चेंडू शोधण्यातच सामना संपतो. पावसाळ्यात पुठ्ठा भिजून मऊ पडतो आणि सर्वात आधी आरशाची खाच सैल होते. तुमचा उपाय, खाचेला मेण चोळणे. लीग म्हणजे ऐन पावसाळा, त्यामुळे हे व्हायचंच.

सामना कुठला ते ठरवायलाही त्याचा उपयोग होतो. ज्या आठवणीत पेरिस्कोप आहे ती क्लबाच्या ग्राउंडवरची. ईडनच्या काँक्रीटच्या स्टँडबाहेरून पेरिस्कोपला भिंतीशिवाय काही दिसायचं नाही.

ईडनवर कोण कुठे बसला होता हे काढायची तुमची युक्तीही सोपी. उत्तरेला हायकोर्ट, पश्चिमेला हुगळी. दुपारनंतर ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणणारा पूर्वेच्या बाजूला, नदीकडे तोंड करून बसलेला. पाठ तापली म्हणणारा पश्चिमेला. ढग होते म्हणाला तर हायकोर्टाची इमारत कुठल्या हाताला होती ते विचारायचं. हे एवढ्यासाठी महत्त्वाचं, की मारामारी स्टँडच्या एका भागात सुरू झाली आणि पलीकडच्यांना ती गोंधळासारखी दिसली असेल, फार तर. ‘मी सगळं डोळ्यांनी पाहिलं’ आणि ‘आम्हाला घरी जाईपर्यंत पत्ता नव्हता’ या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

कारणांबद्दल तुम्ही लिहिलेलं पान आम्ही जसंच्या तसं ठेवलं आहे. दोन्ही संघांचे समर्थक त्या दिवशी एकाच स्टँडमध्ये, मिसळून बसले होते. मैदानावरचा एक धक्का म्हणजे शेजारच्या माणसाच्या बरगडीतला धक्का. त्यानंतर लोक खाली, दाराकडे धावले. चौरस मीटरला पाच-सहा माणसांच्या पुढे गर्दी गेली की माणूस आपल्या पायांनी चालत नाही, गर्दी त्याला नेते. आणि जिन्यावर एक पडला की मागच्यांना ते दिसतच नाही, ते ढकलत राहतात. अशा गर्दीत बहुतेक जण तुडवले जाऊन मरत नाहीत, छाती दबून श्वास कोंडून मरतात. ‘चेंगराचेंगरी’ या शब्दात हे दिसत नाही, ही तुमची तक्रार रास्त आहे, पण मराठीत दुसरा शब्द आम्हालाही सुचला नाही.

सुरुवात कुणी केली, हे विचारायचं नाही असं तुम्ही बजावलं होतंत. आम्ही तरीही दोघा-तिघांना विचारलं. घोटी (मूळच्या पश्चिम बंगालच्या, मोहन बागानच्या) घरातल्यांनी पालितचं नाव घेतलं, बांगाल (पूर्व बंगालातून आलेल्या, ईस्ट बंगालच्या) घरातल्यांनी बोसचं. चूक कबूल. आता तुम्ही सांगितल्याप्रमाणे दोन्ही बाजू त्या त्या माणसाच्या शब्दांत वेगवेगळ्या लिहितो, बेरीज करून दोनाने भागत नाही. विचारायचंच तर आधी बारीकसारीक विचारतो: खिशात काय होतं, झालमुरी कुठे घेतली, चप्पल होती की बूट. चपलेवरून एका आजींनी (त्या दिवशी घरीच होत्या) भाऊ किती वाजता अनवाणी परत आला ते घड्याळासकट सांगितलं.

आणि ‘डर्बी’ शब्दाचं. त्या काळी ‘बडो मॅच’ म्हणायचे, हे खरं. बोलणारा सारखं डर्बी-डर्बी म्हणत असेल तर त्याला एकदा तीच गोष्ट बंगालीत सांगायला लावा, असं तुम्ही सुचवलंत. कोलकात्यात वाढलेला मराठी माणूस बंगालीवर आला की खरोखर दुसरंच बोलतो. गेट, गल्ली, मित्रांची टोपणनावं, सगळं त्यातूनच निघालं.

याच दोन संघांच्या १३ जुलै १९९७ च्या सामन्याला तुम्ही हात लावला नाहीत, ‘तो ताजा आहे’ म्हणून. आमच्या नोंदींत तोही तितकाच गुंतलेला आहे. ईस्ट बंगालचे चारही गोल बायचुंग भुतियाचे म्हणणारे पुष्कळ. त्याचे तीन, पहिला नाझिमुल हकचा. अंतिम सामना म्हणणारे त्याहून जास्त. तो फेडरेशन कपचा उपांत्य सामना होता, आणि अंतिम सामन्यात गोव्याच्या साळगावकरने ईस्ट बंगालला हरवलं. गोव्याचे लोक हे विसरत नाहीत. प्रेक्षकांचा आकडा १,३१,७८१ असा नोंदलेला आहे, आठवणीत तो दोन लाखांवर जातो.

वहीच्या शेवटच्या पानावर तुम्ही पेन्सिलीने एक तिकिटाचा अर्धा तुकडा गिरवून ठेवला आहे, खाली तारीख नाही. मूळ तुकडा सापडला तर त्याची मागची बाजूही बघा. शिक्का असेल तर फोटो पाठवा, नसेल तर तसंच कळवा.

आपले कृतज्ञ,
मोठ्या सामन्याच्या आठवणी उतरवून घेणारे