पार्लरमध्ये गेलीस की आधी सांग

प्रिय सखी,

परवा फोनवर दिवस गेल्याची बातमी दिलीस आणि ठेवता ठेवता हळूच विचारलंस, "पार्लरला गेले तर चालेल ना गं? केस रंगवायचेत, केराटिनही करायचं होतं. पण तिथे कुणाला कळू द्यायचं नाही, तिसरा महिना संपेपर्यंत तरी." तेव्हापासून तुझं ते शेवटचं वाक्यच डोक्यात घोळतंय. केसांचं, आणि केस सरळ-मऊ करणाऱ्या त्या केराटिनचंही सांगतेच, पण आधी या लपवण्याबद्दल बोलू दे.

मीही लपवलं होतं. सातवा आठवडा होता आणि फक्त केस कापायला गेले होते. शेजारच्या खुर्चीवर एकीचं स्मूदनिंग, म्हणजे केस सरळ करणं, चाललेलं. काम करणारी मुलगी एकेक पातळ बट घेऊन तापलेल्या स्ट्रेटनरमधून ओढायची, आणि प्रत्येक वेळी बटेतून पांढरा धूर निघायचा. तिने स्वतःच्या नाकावर ओढणी दुहेरी करून बांधली होती. खिडक्या बंद, एसी चालू. माझे डोळे चुरचुरायला लागले, घसा खवखवला. "मला दिवस गेलेत, जरा लांब बसवता का?" एवढंच म्हणायचं होतं, पण तोंडातून शब्द फुटला नाही. केस कापून होईपर्यंत तशीच बसून राहिले आणि ती रात्र जागून काढली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी धीर दिला, एकदा थोडा वेळ वास गेल्याने घाबरू नकोस म्हणाल्या. पण त्या रात्रीची धाकधूक तुझ्या वाट्याला येऊ नये असं मला फार वाटतं.

त्या स्मूदनिंगच्या बाटलीवर 'फॉर्मल्डिहाइड फ्री', म्हणजे फॉर्मल्डिहाइड हा घातक वायू यात नाही, असं लिहिलेलं मी स्वतः पाहिलं होतं. नंतर शोधलं तेव्हा समजलं, पाण्यात विरघळलेल्या फॉर्मल्डिहाइडचं बरंचसं मिथिलीन ग्लायकॉल होतं, आणि लेबलवर तेच नाव येतं. स्ट्रेटनरची उष्णता लागली की पुन्हा वायू होऊन तो हवेत मिसळतो. काही द्रावणांत त्याऐवजी ग्लायऑक्सिलिक ॲसिड असतं, पण जास्त तापवल्यावर त्यातूनही फॉर्मल्डिहाइडच निघतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच हा वायू माणसात कर्करोग घडवणारा ठरवला आहे. म्हणून केराटिन, स्मूदनिंग काहीही नाव असो, बाळंतपण होईपर्यंत नको. शेजारच्या खुर्चीवर चाललं असेल तरी तू तिथे थांबू नकोस.

केस रंगवायचं मात्र एवढं भ्यायला नको. रंग डोक्याच्या त्वचेतून अगदी थोडाच आत जातो. तरी पहिल्या १२ आठवड्यांत बाळाचे अवयव घडत असतात, तेवढं थांबलीस तर मनालाही स्वस्थता. नंतर मुळांपर्यंत रंग नेण्याऐवजी हायलाइट्स कर, नुसत्या काही बटा रंगव, म्हणजे डोक्याला रंग लागतच नाही. खिडकी उघडी असू दे, पाकिटावर लिहिलंय त्याहून एक मिनिटही जास्त ठेवू नकोस, डोक्यावर कुठे खरचटलं असेल तर तो दिवस सोडून दे. आणि वर्षानुवर्षं तोच रंग लावत असलीस तरी ४८ तास आधी कानामागे थोडा लावून बघ. या दिवसांत त्वचेचा स्वभावच बदलतो, कालपर्यंत सोसलेलं आज खाजायला लागतं.

वॅक्सिंगचंही तेच. त्वचेकडे रक्त जास्त धावतं, त्यामुळे नेहमीपेक्षा दुखेल, लालही होईल. पण धोका असा नाही. पायांवर शिरा फुगल्या असतील तर त्या जागी नको. वॅक्समध्ये एकदा अंगाला लावलेली लाकडी पट्टी परत बुडवताना दिसली तर सरळ थांबव. थ्रेडिंग खुशाल कर. लेझर आणि बोटॉक्स नंतर बघू, त्यांची घाई कसली?

चेहऱ्याचं सांगताना मला जरा काळजी वाटते, कारण तुला वांग येण्याची भीती आहे हे मला माहीत आहे. ते येऊ शकतं. गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर तपकिरी सावली पडते, आणि बाळंतपणानंतर बहुतेकींची हळूहळू फिकी होते. तेव्हा कुणी "एक क्रीम देते, आठ दिवसांत उजळेल" म्हणालं तर हातही लावू नकोस. अशा क्रीमांतलं डाग उजळवणारं हायड्रोक्विनोन त्वचेतून ३५ ते ४५ टक्क्यांपर्यंत शरीरात जातं. उजळवणाऱ्या काही क्रीमांत चक्क पारा सापडतो, आणि पारा वारेतून बाळापर्यंत पोचतो. रेटिनॉल, म्हणजे 'अ' जीवनसत्त्वाचा प्रकार, असलेलं सगळं कपाटात बंद कर. सॅलिसिलिक ॲसिडचं तीव्र पीलही नको. झिंक ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन रोज लाव आणि उन्हात टोपी घाल. डाग गडद करायचं काम ऊनच करतं. साधं फेशियल, हलक्या हाताचा मसाज, जरूर घे.

आता उष्णता. चेहऱ्यावर दोन मिनिटं वाफ घेणं वेगळं आणि सॉना, स्टीम रूम किंवा गरम पाण्याच्या टबमध्ये बसणं वेगळं. शरीराचं आतलं तापमान ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं तर बाळाच्या मेंदू आणि मज्जारज्जूच्या घडणीत दोष राहण्याचा धोका वाढतो. ज्या नळीतून हे दोन्ही तयार होतात ती गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत मिटते. कितीतरी जणींना तेव्हा कळलेलंही नसतं! म्हणून म्हणते, जे तीन महिने तू लपवायचे ठरवलेस, तेच सगळ्यात नाजूक.

पुढे पोट वाढलं की पाठीवर फार वेळ सपाट झोपू नकोस. विसाव्या आठवड्यानंतर गर्भाशयाच्या वजनाने मोठी शीर दबते, चक्कर येते, बाळाकडचा रक्तपुरवठाही कमी होतो. मसाजला डाव्या कुशीवर वळ, पोटाखाली उशी घे. पोटऱ्या जोराने चोळू देऊ नकोस, या काळात रक्तात गुठळी व्हायची शक्यता जास्त असते. एकच पाय सुजला, दुखला, लाल झाला तर मसाज नाही, तडक डॉक्टर. पेडिक्युअरला जाशील तेव्हा टब तुझ्यासमोर घासून घ्यायला सांग, आणि नेलपॉलिश लावून घेताना दाराजवळ बस.

यातलं एकही काम न सांगता होणार नाही, बघ. नंतर मी त्याच पार्लरमध्ये गेले आणि दारातच सांगितलं. त्या मुलीने काही न विचारता माझी खुर्ची खिडकीशी नेली, दुसऱ्या गिऱ्हाइकाचं स्मूदनिंग उशिरावर ढकललं. मला तिचीच जास्त काळजी वाटत राहिली. मी तासाभराने उठून घरी येते, ती दिवसभर त्याच धुरात उभी असते. तिला मी मिथिलीन ग्लायकॉल हे नाव कागदावर लिहून दिलं. तिने तो कागद आरशाच्या चौकटीत खोचून ठेवला.

सगळ्यांना सांगू नकोस. फक्त तुझे केस, चेहरा, पाय जिच्या हातात देशील तिच्या कानात सांग. जायच्या आधी तिथल्या बाटल्यांच्या मागच्या बाजूचे फोटो मला पाठव, आपण दोघी मिळून वाचू. शंका राहिली तर तो फोटो तुझ्या डॉक्टरांना दाखव.

मळमळ कशी आहे ते कळव. वासाने उलटी होत असेल तर रंगाचं काम अजून महिनाभर लांबव, केस कुठे पळून जात नाहीत.

तुझीच,
जिवाभावाची मैत्रीण