मंत्रीमहोदय, अनुदान गाडीला देण्याआधी पार्किंगमधल्या मीटरला द्या

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

इलेक्ट्रिक गाडी घेतल्यावर महिन्याला नक्की किती पैसे वाचतात, हा प्रश्न सध्या पुण्यात लग्नाच्या पंगतीपासून सोसायटीच्या सभेपर्यंत सगळीकडे निघतो. सिंहगड रस्त्यावरच्या 22 सदनिकांच्या एका सोसायटीचा मी सचिव आहे, त्यामुळे माझ्याकडे तो जरा जास्तच येतो. गाडी कोणत्या कंपनीची, बॅटरी किती मोठी, याची लोक खूप चर्चा करतात. पण खरं उत्तर गाडी रात्री कुठे उभी राहते यावर ठरतं, आणि आपल्या खात्याच्या धोरणात नेमकी हीच बाजू लंगडी आहे. म्हणून हे पत्र.

आधी हिशेब मांडतो. महिन्याला 1000 किलोमीटर गाडी चालवणारं एक घर धरा. पुण्याच्या गर्दीत पेट्रोलची मध्यम गाडी लिटरला 13 किलोमीटरच्या आसपास जाते. पेट्रोल शंभरीपार आहे, म्हणजे महिन्याचे 8000 रुपये ठरलेले. सीएनजीवर तेवढंच अंतर चार हजारांच्या आसपास होतं. इलेक्ट्रिक गाडी प्रत्यक्ष रस्त्यावर युनिटमागे सहा-सात किलोमीटर जाते, तिला महिन्याला साधारण 160 युनिट लागतात. इथपर्यंत सगळ्यांचं गणित सारखं आहे. इथून पुढे फाटे फुटतात.

ज्याचा सहकारनगरात किंवा औंधात बंगला आहे आणि गच्चीवर सौर पॅनेल आहेत, त्याचा हा खर्च जवळपास शून्यावर येतो. पीएम सूर्यघर योजनेतून त्याला पॅनेलसाठी 78,000 रुपयांपर्यंत अनुदानही मिळतं. ज्याला पार्किंगमध्ये ईव्ही वर्गातला, म्हणजे इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जिंगसाठीच्या दराचा, स्वतंत्र मीटर मिळाला, त्याचं काम दीड हजाराच्या आसपास भागतं. ज्याने घरच्याच मीटरवरून वायर ओढली, तो महावितरणच्या स्लॅबमध्ये सापडतो. घरगुती दराचे टप्पे 100, 300 आणि 500 युनिटला बदलतात. पहिल्या शंभर युनिटच्या दरात आणि तीनशेच्या पुढच्या दरात दुपटीहून जास्त फरक आहे. आधीच 200 युनिट वापरणाऱ्या घरात गाडीचे 160 मिळवले की तीनशेच्या वरची 60 युनिटं महागड्या टप्प्यात जातात आणि वीज शुल्कासह सव्वादोन-अडीच हजारांचा फटका बसतो. उरला तो भाडेकरू, किंवा ज्याच्या सोसायटीने परवानगी नाकारली तो. त्याला बाहेरच्या फास्ट चार्जरवर जावं लागतं. तिथे कर धरून युनिटला पंचवीसएक रुपये मोजले तर महिन्याचे साडेतीन ते चार हजार होतात. म्हणजे सीएनजीइतकेच.

गाडीच्या किमतीतला फरक कधी फिटतो, तेही यावरच ठरतं. इलेक्ट्रिक गाडीवर 5 टक्के जीएसटी आहे आणि राज्याचा मोटार वाहन कर माफ आहे. पेट्रोल गाडीवर हा कर किमतीनुसार 11 ते 13 टक्के लागतो. पण 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, सेसही गेला, आणि कमी होत आलेलं अंतर पुन्हा वाढलं. तरी तीन लाखांचा फरक धरू. पार्किंगमध्ये स्वतःचा मीटर असलेल्याचे ते पैसे चार वर्षांच्या आत सुटतात. बाहेर चार्ज करणाऱ्याला सहा वर्षं लागतात. आणि तो आज सीएनजी गाडी चालवत असेल, तर कधीच सुटत नाहीत. रिक्षावाला, टॅक्सीवाला, कुरिअरचा टेम्पोवाला, हे बहुतेक आज सीएनजीवरच आहेत, महोदय. त्यांच्यातल्या कितीजणांकडे स्वतःचं पार्किंग असेल?

सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट कराची आहे. घरी वापरलेल्या विजेवर जीएसटी नाही. सार्वजनिक चार्जिंगवर मात्र 18 टक्के आहे. गाडीवर 5 आणि तिच्या चार्जिंगवर 18, आणि ते 18 भरतो कोण, तर ज्याला घरी चार्ज करता येत नाही तो. जीएसटी परिषदेत महाराष्ट्राचा प्रतिनिधी बसतो. हा विषय तिथे आपल्या राज्याने लावून धरावा.

आता राज्याच्या धोरणाकडे येतो. मे 2025 मध्ये निघालेल्या विद्युत वाहन धोरणासाठी 1,993 कोटी रुपयांची तरतूद आहे आणि ते मार्च 2030 पर्यंत चालणार आहे. अटल सेतू, समृद्धी आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर इलेक्ट्रिक मोटारींना टोल माफ झाला. मुंबईला जाऊन येणाऱ्या पुणेकराचे एका फेरीत 640 रुपये वाचतात. आठवड्याला एकदा मुंबई गाठणाऱ्या अधिकाऱ्याची नुसत्या टोलमधली बचत महिन्याला अडीच हजारांवर जाते. त्याला ती मिळू नये असं मी म्हणत नाही. पण वडगाव धायरीहून हडपसरला रोज कामावर जाणारा माणूस द्रुतगती मार्गावर वर्षातून किती वेळा जातो? त्याची अडचण खालापूरच्या टोलनाक्यावर नाही, त्याच्याच इमारतीच्या मीटर रूममध्ये आहे.

मीटर रूमचं जवळून सांगतो, कारण घोडं नेमकं तिथेच अडतं. आमच्यासारख्या 1990 च्या दशकातल्या इमारती सिंहगड रस्ता, कोथरूड, बिबवेवाडी, धनकवडीत शेकड्यांनी आहेत. जिन्याखाली एक अरुंद खोली, लाकडी फळीवर मीटरच्या दोन रांगा, चिनी मातीचे जुने फ्यूज, आणि एकच मेन केबल जी इमारत बांधताना टीव्ही, फ्रिज आणि मिक्सरच्या हिशेबाने टाकली गेली. त्यावर आता एसी आले, गीझर आले, इंडक्शन आलं. एका सभासदाने इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून एक्स्टेन्शनची वायर खाली सोडली. पावसाळ्यात ती वायर भिंतीवरून निथळत्या पाण्यात लोंबकळत होती आणि तिचा जोड पार्किंगच्या फरशीवर पडलेला असे. मी ती बंद करायला लावली. ते गृहस्थ रागावले, आणि त्यांचा राग अगदी बरोबर होता. सुरक्षित सोय करून द्या म्हणून ते आधीपासून सांगत होते.

मग विषय सर्वसाधारण सभेत आला. मीटर रूम नव्याने बांधायची, केबल बदलायची, पॅनेल आणि अर्थिंग करायचं, तर खर्च लाखात जातो. एका ज्येष्ठ सभासदाने विचारलं, "माझ्याकडे सायकलसुद्धा नाही, मी वर्गणी का भरू?" निवृत्तिवेतनावर घर चालवणाऱ्या माणसाचा हा प्रश्न कुणीही उडवून लावू नये. दुसऱ्याने आगीचा मुद्दा काढला. मार्च 2022 मध्ये लोहगाव भागात रस्त्याकडेला पेटलेल्या ई-स्कूटरचा व्हिडिओ पुण्यातल्या प्रत्येक फोनवर फिरलेला आहे. त्यानंतर बॅटरीसाठी एआयएस-156 ची सुधारित, कडक मानकं आली, पण ही माहिती आमच्या सभासदांपर्यंत कुणी आणली? वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था आमच्या वेताळ टेकडीवरच आहे. तिथल्या अभियंत्यांनी वर्षातून चार रविवार सोसायट्यांच्या महासंघासमोर बोलायचं ठरवलं, तरी निम्म्या शंका जागेवर मिटतील. आमच्या सभेत मात्र ठराव फेटाळला गेला आणि घोंगडं भिजत पडलं.

वाईट याचं वाटतं की गरज खरोखर फार मोठी नाही. महिन्याचे 160 युनिट म्हणजे रोजचे पाच-साडेपाच. साध्या 15 अँपिअरच्या सॉकेटवर, तीन किलोवॅटने, ते दोन तासांत भरून होतात. दोन किलोवॅटचा गीझर आपण रोज सकाळी काही विचार न करता लावतो, त्याच्या दीडपट हा भार. एका इमारतीत दहा गाड्या असल्या तरी सगळ्यांची मिळून गरज रात्रीची 55 युनिट, आठ तासांत विभागली तर सरासरी सात किलोवॅट. सगळ्यांनी साडेसातला घरी येऊन एकदम प्लग लावला तरच तीस किलोवॅट लागतात आणि केबल तापते. गाड्यांना आळीपाळीने वीज देणारं लोड मॅनेजमेंटचं पॅनेल बसवलं की हा प्रश्न सुटतो. प्रत्येक सोसायटीत फास्ट चार्जर नको आहे. सुरक्षित सॉकेट, स्वतःचा मीटर आणि आळीपाळी सांभाळणारं एक पॅनेल, एवढंच हवं आहे.

कायदाही यात आडवा येत नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राने वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. त्यानुसार ग्राहकाला गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागता येते, आणि नगरपालिका क्षेत्रात नवी जोडणी 7 दिवसांत मिळायला हवी. पण सोसायटीचं ना-हरकत पत्र नसेल तर त्या सात दिवसांची मोजणी सुरूच होत नाही. पार्किंगची जागा संस्थेची, मीटर रूम संस्थेची, आणि संस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत. वीज ऊर्जा खात्याची. गाडी आपल्या खात्याची. तीन खात्यांच्या मधल्या फटीत आमचं हे एक सॉकेट अडकलं आहे, आणि तिन्ही खात्यांना एका टेबलावर बसवण्याचा पुढाकार फक्त आपणच घेऊ शकता, कारण धोरण आपल्या खात्याचं आहे.

पेठांचा प्रश्न याहून अवघड आहे. नारायण पेठेत, कसब्यात, रविवार पेठेत वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, पण गाड्या अजून रस्त्यावरच लागतात. तिथे मीटर बसवायला भिंतसुद्धा स्वतःची नाही. पीएमपीएमएलच्या, म्हणजे शहर बससेवेच्या, भेकराईनगर आगारात 2019 पासून इलेक्ट्रिक बसगाड्या चार्ज होत आहेत, म्हणजे मोठ्या भाराची जोडणी शहरात आणता येते. तीच तयारी महापालिकेच्या वाहनतळांवर दाखवावी, आणि तिथला रात्रीचा दर घरच्या दराच्या आसपास ठेवावा. माझ्या मते पेठांसाठी खाजगी मोटारीच्या आधी बस आणि स्कूटर यांचाच विचार व्हायला हवा.

आणखी एक संधी हातची जाते आहे. 1 जुलै 2025 पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेत युनिटमागे सवलत मिळते (2025 मध्ये ती 80 पैसे होती), कारण दिवसा सौर वीज मुबलक असते. त्या वेळी पुण्यातल्या गाड्या असतात कुठे? हिंजवडीत, खराडीत, मगरपट्ट्यात, चाकणच्या कारखान्यांत, कंपनीच्या पार्किंगमध्ये आठ-आठ तास उन्हात उभ्या. नव्या आयटी पार्कला आणि कारखान्याला परवाना देताना ठरावीक जागांवर साधं सॉकेट सक्तीचं करा, त्यावर दिवसाची स्वस्त वीज मिळू द्या. ज्याची सोसायटी ऐकत नाही त्याला निदान कामाच्या ठिकाणी तरी वाट मिळेल.

पैशांचं राजकारण मला समजत नाही असं नाही. पेट्रोलवर राज्य 25 टक्के व्हॅट आणि वर लिटरला 5 रुपये 12 पैसे घेतं. एक गाडी विजेवर गेली की राज्याच्या तिजोरीतून महिन्याला दीड-दोन हजार रुपये कमी होतात. म्हणूनच मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात 30 लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर 6 टक्के कर सुचवला गेला आणि त्याच महिन्यात मुख्यमंत्र्यांनी सभागृहात तो मागे घेतला. मला स्वतःला तो कर रास्त वाटला होता. तीस लाखांची गाडी घेणाऱ्याला दोन लाख जड नाहीत. तो पुन्हा आणा, आणि त्यातला पैसा जुन्या इमारतींच्या मीटर रूमसाठी बाजूला काढा. भोसरी-चाकणच्या छोट्या वर्कशॉपांत सायलेन्सर, पिस्टन, गिअरचे भाग घडवणाऱ्या कामगारांसाठीही त्यातच तरतूद हवी, कारण या बदलाची पहिली झळ त्यांच्या भट्ट्यांना लागणार आहे.

आपल्याकडे माझं मागणं असं आहे. गाडीमागे दिलं जाणारं अनुदान हळूहळू कमी करा आणि तो पैसा इमारतीमागे द्या. दहा वर्षांहून जुन्या गृहरचना संस्थेने मीटर रूम, केबल आणि लोड मॅनेजमेंटचं पॅनेल बसवलं तर निम्मा खर्च सरकारने उचलावा. मग सायकलही नसलेल्या आमच्या ज्येष्ठ सभासदांच्या पदराला तेवढा खार लागणार नाही, उलट त्यांच्या घरची जुनाट वायरिंगही त्या निमित्ताने सुरक्षित होईल. सभासदाने अर्ज केल्यावर संस्थेने 30 दिवसांत लेखी तांत्रिक कारण दिलं नाही, तर ना-हरकत मिळाली असं धरावं, आणि ही तरतूद सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत, म्हणजे नियमावलीत, यावी. भाडेकरूलाही हाच हक्क असावा. आणि पार्किंगमध्ये घेतलेला मीटर आपोआप ईव्ही वर्गातच नोंदला जावा, त्यासाठी वेगळे हेलपाटे नकोत.

आमची पुढची सर्वसाधारण सभा सप्टेंबर संपायच्या आत घ्यावी लागेल. मीटर रूमचा ठराव मी पुन्हा मांडणार आहे. सरकारकडून काही मदत मिळेल का, हे सभासदांना मला तेव्हा सांगावं लागेल, म्हणून त्याआधी आपल्या खात्याकडून लेखी उत्तर यावं ही विनंती. अंदाजपत्रक आणि इलेक्ट्रिशियनने काढलेला आराखडा सोबत जोडला आहे. या पत्राची प्रत ऊर्जा आणि सहकार खात्यालाही पाठवत आहे.

आपला नम्र,
सचिव,
एक सहकारी गृहरचना संस्था,
सिंहगड रस्ता, पुणे