घर जपायचं तर आगरासकट जपा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुलै २०२५ मध्ये आपले किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले आणि तेव्हापासून वारसा या विषयावर पेपरात बरंच छापून येतंय, वाचून खरंच बरं वाटतं. त्या यादीत सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, खांदेरी असे आमच्या किनाऱ्यावरचे चार आहेत. पण याच किनाऱ्यावर, सुवर्णदुर्गापासून हाकेच्या अंतरावर म्हटलं तरी चालेल, जी जुनी कौलारू घरं आणि त्यांच्या मागची आगरं, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागा, आहेत ती एकेक करून संपत चालली आहेत आणि त्यांच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, म्हणून हे पत्र.

अंजर्ले, मुरुड, केळशी, गुहागर, श्रीवर्धन, दिवेआगर, कुठेही जा, जुन्या घराची मांडणी साधारण एकच. रस्त्याला लागून चिऱ्यांचा गडगा (दगडी कुंपण), बेडं (आवाराचं फाटक) ओलांडलं की सारवलेलं खळं (अंगण), मधे तुळशीवृंदावन, दोन-तीन पायऱ्या चढून ओटी, आत माजघर, एका बाजूला देवघर, दुसरीकडे काळोखी बाळंतिणीची खोली, मग स्वयंपाकघर, मागची पडवी, न्हाणी, विहीर आणि तिथून पुढे आगर. रस्त्याच्या समुद्राकडच्या बाजूला घर असेल तर ते आगर थेट पुळणीपर्यंत, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूपर्यंत. जागा रुंदीला कमी आणि लांबीला भरपूर, त्यामुळे प्रत्येकाला रस्ता पण मिळतो, पाणी पण मिळतं आणि समुद्राकडचा वारा पण. कोणी आर्किटेक्ट नव्हता की टाऊन प्लॅनिंग नव्हतं, पण अख्खं गाव असं बसवलंय की आजही बघत राहावं.

आता बांधकाम. भिंती जांभ्याच्या, म्हणजे चिऱ्याच्या. खाणीतून काढला तेव्हा मऊ असतो, तासता येतो, मग उघड्यावर वारा लागला की कडक होतो, म्हणून तो इथे चालला. आमच्याकडे वर्षाला अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही बहुतेक चार महिन्यांत, त्यामुळे छप्पर उतरतं आणि पाखी (छपराच्या उतरत्या बाजू) खाली इतकी आणलेली की उंच माणसाला ओटीवर येताना मान वाकवावी लागते. भिंत भिजू नये हा त्यातला हिशोब. वासे, तुळया ऐन, किंजळ, फणस असल्या लाकडांच्या, दारं बऱ्याचदा फणसाची. छपरावर आधी पेंढा नाहीतर केंबळ असायचं, मग कुंभाराची नळीची कौलं आली, आणि मंगलोरला बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढल्यावर हळूहळू चपटी मंगलोरी कौलं गलबतांतून आमच्या बंदरांत उतरायला लागली. कुणब्याच्या घराला चिरा परवडायचा नाही, तिथे कारवीचा कूड आणि वर मातीचा लेप, पण ओटी, माजघर, न्हाणी हा क्रम तिथेही. भंडाऱ्यांची, मुसलमान वस्तीतली, गावाचा सारा गोळा करणाऱ्या खोतांची, सगळ्यांची घरं लहानमोठी असतील पण पाऊस सगळ्यांना एकच होता.

आणि मुख्य मुद्दा हा की हे घर आगराशिवाय उभंच राहू शकत नाही. ही गोष्ट बाहेरून बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. पावसाळ्याआधी झावळ्यांची झापं विणून पश्चिमेच्या भिंतीला बांधायची, कारण झड त्याच बाजूने येते, म्हणजे भिंतीचं आयुष्य माडावर, नारळाच्या झाडावर, अवलंबून. उन्हाळ्यात खळ्यावर मांडव घालायचा, त्याला पोफळीचे, म्हणजे सुपारीच्या झाडाचे, खांब आणि वर परत झापं, त्याखाली सोलं, सुपारी, आंबोशी वाळवायची, आणि मृगाच्या आधी सगळं उतरवून ठेवायचं. पोफळ चिरून रिपा, पोफळ पोखरून पन्हळ. न्हाणीत चुलाणाला जळण म्हणून सोडणं (नारळाची सालं), करवंट्या, सुक्या झावळ्या. हिरांचे खराटे. न्हाणीचं सांडपाणी वाया नाही, ते अळवाला आणि केळींना.

शिंपण्याची व्यवस्था तर मुद्दाम थांबून बघावी अशी. विहिरीवर रहाट, त्याचं पाणी दोणीत (दगडी कुंडीत) पडतं, दोणीतून पाटाला, आणि पाट मुद्दाम असा काढलेला की उतार डोळ्याला दिसत नाही पण पाणी शेवटच्या पोफळीपर्यंत जातं. मधे प्रत्येक आळ्याशी मातीचा बांध फोडायचा, आळं भरलं की परत बांधायचा आणि पुढे जायचं. वर माड, त्याच्या सावलीत पोफळी, पोफळीवर चढवलेली मिरी, मधेमधे जायफळ, खाली केळी आणि अळू, समुद्राच्या कडेला वारा अडवायला उंडी. सगळ्यात वरच्याला ऊन, मधल्याला कवडसे, खालच्याला ओल. आणि या सगळ्या झाडीतून येणारा वारा थंड होऊन मागच्या पडवीतून घरात शिरतो आणि कौलांच्या फटींतून गरम हवा बाहेर पडते. एप्रिल-मे मध्ये अशा माजघरात दुपारी पंखा न लावता झोप लागते, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

घर आगराशिवाय उभं राहत नाही हे ३ जून २०२० ला फार वाईट पद्धतीने सिद्ध झालं. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या भागात किनाऱ्याला लागलं, वारा ताशी १०० किलोमीटरच्या पुढे, आणि श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत पिढ्यान् पिढ्यांची आगरं काही तासांत झोपली. कौलं उडाली ती लोकांनी महिना-दोन महिन्यांत परत घातली किंवा पत्रे मारले. पण झाडांचं काय? माड पडल्यावर खाली ज्या पोफळी वाचल्या होत्या त्या पुढच्या उन्हात करपल्या कारण पोफळीला उघडं ऊन सोसत नाही, आणि नवीन रोप लावलं तर सुपारी धरायला सहा-आठ वर्षं. मदत आधी हेक्टरी ५० हजार अशी जाहीर झाली, पण इथे आगर मोजतात गुंठ्यात! ओरड झाल्यावर झाडाप्रमाणे द्यायचं ठरलं, पोफळीला ५० रुपये आणि माडाला २५० रुपये. कोणावर राग म्हणून लिहीत नाही, पण घराचे पंचनामे वेगळे, झाडांचे वेगळे, आणि विहीर, पाट, गडगा, मांडव यांना कागदावर जागाच नाही. ज्याला आपण घर म्हणतो त्याचा अर्धाअधिक भाग सरकारी फॉर्ममध्ये दिसतच नाही.

अर्थात सगळं वादळावर ढकलून चालणार नाही. घरं त्याआधीपासून ओस पडत होती. पुरुष माणसं मुंबईला गिरण्यांत आणि ऑफिसांत गेली, मनीऑर्डरवर घरं चालली, काही घरं तर त्याच मुंबईच्या पैशावर मोठी झाली. नंतर १९४८ चा कूळकायदा आणि १९४९ चा खोती रद्द करणारा कायदा आला. ते व्हायलाच हवं होतं, कुळांना जमीन मिळाली हे योग्यच झालं, पण खोतांची मोठाली घरं ज्या उत्पन्नावर उभी होती ते गेलं आणि डागडुजी थांबली. आता सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं, निम्मी पुण्या-मुंबईत, काही अमेरिकेत, एक वासा बदलायचा तरी कोणाला विचारायचं आणि खर्च कोणी करायचा हे ठरत नाही. त्यात वानर-माकडांचा त्रास, टोळी छपरावरून गेली की कौलं फुटलीच, शिवाय शहाळी खाली पाडून नासवतात ते वेगळंच. दरवर्षी कौलं कोण चाळणार (काढून परत नीट बसवणार), चाळणारा गडी मिळत नाही, म्हणून माणूस वैतागून पत्रा घालतो. त्याला नावं ठेवायचा अधिकार मला तरी वाटत नाही आपल्याला आहे.

पण जिथे पैसा येतोय तिथेही चुकीचं होतंय हे मात्र बोललं पाहिजे. पर्यटन वाढलं, जुनी घरं होमस्टे झाली, चांगलंच आहे, घर उघडं राहतं. पण मग खळ्यावर पेव्हर ब्लॉक, आगर तोडून पार्किंग आणि मागे चार खोल्यांचं स्लॅबचं बांधकाम, जुनं घर फक्त फोटोपुरतं पुढे. चिऱ्याच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा आणि वर चकचकीत ऑइलपेंट मारला की आतली ओल आतच राहते आणि मग दोन पावसाळ्यांत पोपडे, भिंत खराब. चुन्याचा गिलावा श्वास घेऊ देतो, पण तो करणारे गवंडी हाताच्या बोटावर मोजण्याइतके राहिलेत.

कवीचं किंवा पुढाऱ्याचं जन्मघर असेल तर ते वाचतं. मालगुंडला केशवसुतांचं घर कोकण मराठी साहित्य परिषदेने स्मारक म्हणून जपलंय, रत्नागिरीत टिळकांचं जन्मस्थान आहे, दोन्ही जाऊन बघण्यासारखी. पण ज्या घरात कोणी मोठं जन्मलं नाही त्याने काय करायचं? सगळी घरं संरक्षित स्मारक करा असं कोणीच म्हणणार नाही, मालकालाही ते नकोच असतं कारण मग खिळा ठोकायला परवानगी. त्यापेक्षा साध्या गोष्टी करता येतील. सरकारची निवास-न्याहारी योजना आहेच, त्यात आगर आणि खळं शाबूत ठेवणाऱ्याला काहीतरी जास्तीची सवलत द्या. मुंबई-पुणे-कोल्हापूरच्या आर्किटेक्चर कॉलेजांनी मुलांना इथे पाठवून निदान मापं घ्यावीत, नकाशे काढावेत, पण फक्त ओटी आणि कोरीव खांबांचे नाही, बेड्यापासून पुळणीपर्यंत अख्ख्या जागेचे, पाटाच्या उतारासकट. हे काम ज्यांना माहिती आहे ती माणसं आता सत्तरी-ऐंशीची आहेत. दापोलीला कृषी विद्यापीठ आहे, त्यांची झाडांची माहिती आणि कॉलेजांची मापं एकत्र आली तर पुढच्या वादळानंतर पंचनामा करणाऱ्या तलाठ्याच्या हातात तरी काही असेल.

आणि आपल्या पेपरला एक विनंती. रविवारच्या पुरवणीत दर आठवड्याला एक किल्ला येतो तसं महिन्यातून एकदा तरी एक जुनं घर त्याच्या आगरासकट छापा, मालकाला विचारून. जुने नकाशे, फोटो वाचकांकडे नक्की असतील, मागवलेत तर लोक आनंदाने देतील.

कळावे,
आपला एक वाचक,
ता. दापोली, जि. रत्नागिरी