चार महिन्यांचा गुडघा आणि दोन रिपोर्ट

गंगापूर रोड, नाशिक
७ डिसेंबर

प्रिय पद्या,

तुझे तिन्ही फोटो बघितले. थायरॉइडचा रिपोर्ट, टेस्टोस्टेरॉनचा रिपोर्ट आणि जिमची सहा महिन्यांची पावती. पावती सगळ्यात आधी पाठवलीस, म्हणजे ठरवून झालंय आणि माझ्याकडून फक्त मान डोलवून हवीय. डोलावतो. फक्त ते ‘साठ किलोच्या स्क्वॉटपासून चालू करतो’ आधी मागे घे. फिजिओने सोडलं याचा अर्थ लंगडणं गेलं, एवढाच.

चार महिन्यांपूर्वीच्या ऑपरेशनमध्ये तुझ्या मांडीमागच्या स्नायूची कंडरा (स्नायू हाडाला बांधणारी दोरी) काढून एसीएलच्या, म्हणजे गुडघा आतून स्थिर ठेवणाऱ्या बंधाच्या, जागी बसवली आहे. कापलेल्या कंडरेला रक्तपुरवठा राहत नाही. तिच्यातल्या पेशी मरतात, मग नव्या रक्तवाहिन्या शिरतात, नव्या पेशी येतात आणि जुने धागे काढून नवे विणत बसतात. या उसवण्याच्या काळात ग्राफ्ट (ही बसवलेली कंडरा) बसवल्या दिवसापेक्षाही कमजोर असतो आणि हे काम वर्ष उलटून गेलं तरी चालू असतं. यातलं काहीच दुखत नाही, तीच पंचाईत. मांडीचा स्नायू मात्र पटापट भरेल, कारण एकदा कमावलेला स्नायू दुसऱ्यांदा लवकर येतो. फेब्रुवारीपर्यंत तुला अंगात जोर जाणवेल आणि तो खराही असेल. पण वेग स्नायूने ठरवायचा नाही, ग्राफ्टने ठरवायचा.

गंमत म्हणजे जिममध्ये एसीएलला स्क्वॉटपेक्षा जास्त धोका प्लेट उचलण्यात असतो. संध्याकाळी सहा-सातची गर्दी, स्टँडवरची २० किलोची प्लेट दोन्ही हातांत आणि पाऊल जमिनीत रोवलेलं असताना कमरेतून वळणं. पाय जागेवर, अंग फिरलं, मधला गुडघा पिळला. वळायचं असेल तर पाऊल उचलून, दोन-तीन छोट्या पावलांत. जड प्लेटा ट्रेनरला लावायला सांग, लाजू नकोस. बाथरूमच्या ओल्या फरशीवर तेच, आणि रामकुंडाच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर तर पाय ठेवूच नकोस. नी रॅपची, म्हणजे गुडघ्याला घट्ट गुंडाळायच्या पट्ट्याची, गरज नाही. तो खालून वर यायला उसनी मदत करतो आणि मांडी किती काम करतेय ते झाकतो.

आता व्यायाम. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये किमान एक दिवस मोकळा. आधी सायकल, हलक्या भारावर ८-१० मिनिटं. या थंडीत १२. मग एका पायाने लेग प्रेस (पायाने भाराची गाडी ढकलायचं मशीन), १० वेळांचे ३ सेट. आधी ऑपरेशनचा पाय, मग चांगला. दोन्ही पायांनी एकत्र ढकललंस की चांगला पाय गुपचूप जास्त भार उचलतो आणि तुला पत्ताही लागत नाही. त्यानंतर बाकावर टेकून उठायचा स्क्वॉट, छातीशी ८ किलोचा डंबेल, खाली जाताना तीन सेकंद मोजून. मेनिस्कसलाही (गुडघ्यातल्या कुर्चेच्या गादीला) टाके घातले असतील तर भार घेऊन ९० अंशांपुढे वाकायला सर्जनची परवानगी लागेल. डिस्चार्ज कार्ड काढून बघ, तिथे लिहिलेलं असतं. मग रिकाम्या बारने रोमानियन डेडलिफ्ट (बार हातात धरून कमरेतून झुकणं आणि सरळ होणं), शेवटी एका पायावर काफ रेझ (टाच उचलणं). लेग कर्ल (मशीनवर टाच मागे ओढणं) मात्र अगदी हलका, पहिल्या एक-दोन प्लेटांवरच, कारण कंडरा तिथूनच काढलीय. तिथे अचानक चमक भरते आणि माणूस दोन आठवडे मागे जातो.

लेग एक्स्टेन्शनबद्दल (बसून वाकलेला पाय भारासकट सरळ करायचं मशीन) जिममध्ये दोन टोकं ऐकशील. एक म्हणेल एसीएलवाल्याने हात लावायचा नाही, दुसरा म्हणेल मांडी भरायला तेच. पाय शेवटच्या ४५ अंशांत सरळ होतो तेव्हा नडगी पुढे ओढली जाते आणि ताण ग्राफ्टवर येतो, म्हणून सुरुवातीला ९० ते ४५ अंश एवढ्याच टप्प्यात करतात आणि पुढे हळूहळू वाढवतात. पण मांडीच्या पुढच्या स्नायूला एकट्याला कामाला लावणारं दुसरं सोपं यंत्र नाही. तुझा चौथा महिना संपलाय, तेव्हा सर्जनना थेट विचार: ‘किती अंशांपर्यंत, किती वजनाने?’ नुसतं ‘जिमला जाऊ का’ विचारलंस तर नुसतं ‘जा’ असं उत्तर मिळेल.

प्रत्येक सेटमध्ये आणखी तीन रेप्स (आवर्तनं) निघाल्या असत्या असं वाटेल तिथे थांबायचं. लागोपाठ दोन वेळा सगळ्या रेप्स नीट झाल्या आणि गुडघा सुजला नाही, तरच वजन वाढवायचं, तेही मिळतील त्या सगळ्यात लहान प्लेटांनी. १.२५ ची जोडी नसेल तर विकत घेऊन बॅगेत ठेव. बार २० किलोचा असेलच असं धरू नकोस; बरेच बार १५ चे निघतात. वजनकाट्यावर उभा कर आणि वहीत लिही. लेग प्रेसच्या गाडीचं स्वतःचं वजन कुठेच लिहिलेलं नसतं, त्यामुळे एका मशीनचा आकडा दुसऱ्याशी जुळवू नकोस.

सूज नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, म्हणून ही तपासणी रोज सकाळी कर. पलंगावर पाय सरळ, मांडी ढिली. गुडघ्याच्या आतल्या बाजूने, वाटीच्या खालून वर मांडीकडे तळहाताने दोन-तीनदा निपटून घे. तिथला खळगा मोकळा दिसेल. आता बाहेरच्या बाजूने वरून खाली एकदाच हात फिरव आणि नजर आतल्या खळग्यावर ठेव. तिथे लाटेसारखा फुगवटा आला तर आत पाणी आहे. व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी तो दिसला किंवा आदल्यापेक्षा मोठा वाटला, तर कालचं वजन जास्त झालं. पुढच्या वेळी एक पायरी खाली. इतकी काटेकोर कटकट एवढ्यासाठी, की गुडघ्यात जरासं पाणी साचलं तरी मांडीच्या स्नायूला जाणारा मज्जारज्जूचा हुकूम अडतो. तू कितीही जोर लावलास तरी स्नायू अर्धवटच आवळला जातो. सुजलेल्या गुडघ्यावर मांडी भरत नाही. व्यायाम करताना दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालेल, पण चोवीस तासांत ते पहिल्यासारखं झालं पाहिजे. पोटरी सुजून गरम आणि दुखरी झाली किंवा गुडघा लाल होऊन ताप आला, तर मला मेसेज करत बसू नकोस, त्याच दिवशी डॉक्टर गाठ.

आता थायरॉइड. टीएसएच (थायरॉइड कमी पडला की वाढणारं हार्मोन) १४.२ असताना ७५ मायक्रोग्रॅमची गोळी चालू झाली आणि सात आठवड्यांनी तो ११ वर. हा आकडा मला खटकला, म्हणून दुसऱ्या फोटोतली टेबलावरची औषधं झूम करून बघितली. थायरोनॉर्मच्या, म्हणजे त्याच थायरॉइडच्या गोळीच्या, बाटलीशेजारीच कॅल्शियमची पट्टी आहे. दोन्ही सकाळी एकदम घेत असशील तर कॅल्शियम ती गोळी आतड्यात धरून ठेवतं आणि पुरती शोषू देत नाही. लोहाच्या गोळीचंही तसंच. चार तासांचं अंतर हवं. थायरॉइडची गोळी उठल्याउठल्या नुसत्या पाण्याबरोबर, आणि चहा निदान अर्ध्या तासाने, जमलं तर तासाने. साडेपाचला गोळी, साडेसहाला जिम, व्यायामानंतर व्हे (दुधातल्या प्रथिनांची पावडर) आणि नाश्ता, कॅल्शियम रात्री जेवणाबरोबर, असं बसव. व्हे आणि सोयाबीनही गोळीच्या जवळ आणू नकोस. मग डॉक्टरांना हे सांगूनच पुढची टेस्ट, सहा ते आठ आठवड्यांनी. या औषधाचं अर्धं प्रमाण शरीरातून जायला साधारण सात दिवस लागतात, त्यामुळे त्याआधीचा आकडा अर्धवट असतो. टेस्टच्या सकाळी रक्त देऊन मग गोळी घे. केसांसाठी बायोटिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारून काही दिवस आधी बंद कर, त्याने टीएसएच खोटा कमी दिसू शकतो.

वजनांशी याचा संबंध सरळ आहे. थायरॉइड कमी असला की मांड्या-खांदे दुखतात, वांब येतात, जिना चढताना पाय भरून येतात आणि रक्तातला सीपीके (स्नायूंमधून रक्तात येणारं एन्झाइम) वाढलेला निघतो. म्हणून टीएसएच जागेवर येईपर्यंत सेट वाढवू नकोस. ३ चे ५ केलेस तर दुखणं गुडघ्याचं की थायरॉइडचं ते कोणालाच सांगता येणार नाही. रक्त देण्याआधी चार-पाच दिवस जड व्यायाम नको, कारण व्यायामानेही सीपीके चढतो आणि लिव्हरच्या तपासणीतले एसजीओटी, एसजीपीटीसुद्धा, मग उगाच लिव्हरची धास्ती. उलट बाजूने, डोस वाढवल्यावर सकाळची नाडी नेहमीपेक्षा पंधरा-वीस ठोक्यांनी वर राहिली, हात थरथरले, झोप उडाली, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना कळव.

आणि तो टेस्टोस्टेरॉन २४८. रिपोर्टवर सॅम्पलची वेळ वाचलीस का? संध्याकाळचे ६.१०. ही टेस्ट सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी करतात आणि कमी आली तर वेगळ्या एखाद्या दिवशी पुन्हा करतात. शिवाय थायरॉइड कमी असला की रक्तात टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारं एसएचबीजी नावाचं प्रथिन कमी होतं आणि एकूण आकडा खाली दिसतो. थायरॉइड सुधारला की तो बराचसा आपोआप वर येतो. प्रोलॅक्टिन हे मेंदूतल्या ग्रंथीचं हार्मोनही थायरॉइड कमी असल्यानेच वाढू शकतं. तेव्हा आधी थायरॉइड, मग सकाळची टेस्ट. सोबत एलएच, एफएसएच (वृषणांना कामाला लावणारी मेंदूकडची हार्मोन्स), प्रोलॅक्टिन आणि एसएचबीजी. एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे (हार्मोनच्या डॉक्टरांकडे) जायचं ते हे कागद घेऊन.

जिममधल्या त्या माणसाने सांगितलेलं टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन मात्र घेऊ नकोस. जागतिक आरोग्य संघटनेचा १९९० चा एक अभ्यास आहे: निरोगी पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनान्थेट दिलं आणि निम्म्याहून जास्त जणांच्या वीर्यात सहा महिन्यांत शुक्राणू शून्य झाले. अभ्यास कशाचा होता? पुरुषांच्या गर्भनिरोधकाचा! बाहेरून हार्मोन मिळालं की मेंदू एलएच आणि एफएसएच बंद करतो. परत यायला महिने लागतात. तू आणि वहिनी मुलाचा विचार करताय, तर हे घरी बोल. आणि त्याने स्नायू आणखी लवकर वाढेल, ग्राफ्ट मात्र त्याच्याच गतीने चालेल. आपल्याला नको असलेली तफावत नेमकी हीच.

खाण्याचं थोडक्यात. तुझ्या ७८ किलोंना दिवसाला १२५ ग्रॅम प्रथिनं पुरे. चार अंडी २४, व्हेचा एक स्कूप २४, कच्चं वजन करून २०० ग्रॅम चिकन ४५, १०० ग्रॅम पनीर १८, आणि ६० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ १४. रविवारची मिसळ यात धरू नकोस, ती वेगळ्या खात्यात. क्रिएटिन (ताकदीसाठी घेतात ती पावडर) ३ ग्रॅम चालेल, पण त्याने किडनीच्या तपासणीतलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं, तेव्हा डॉक्टरांना सांगून ठेव.

चालायला गोल्फ क्लबचा ट्रॅक उत्तम. पांडवलेणीचा डोंगर एवढ्यात नको. चढताना काही वाटणार नाही, उतरताना सगळा भार वाटीमागे येतो. २० सेंटिमीटरच्या पायरीवरून एका पायाने हळू उतरताना आरशात गुडघा आत न झुकता दहा वेळा जमलं की बघू. बॅडमिंटन नऊ महिन्यांआधी नाही, म्हणजे मेपर्यंत नाही. नॉर्वेतल्या २०१६ च्या एका अभ्यासात, नवव्या महिन्यापर्यंत खेळ जितके महिने लांबवला, त्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा इजा होण्याचं प्रमाण ५१ टक्क्यांनी कमी झालं. नऊ महिने झाल्यावरही ऑपरेशनच्या पायाची ताकद दुसऱ्याच्या ९० टक्के हवी. यात एक खोट आहे: चार महिन्यांत चांगला पायही वाळलाय. म्हणून तुलना आजच्या चांगल्या पायाशी नको, तुझ्या जुन्या वहीतल्या आकड्यांशी कर. ती वही माळ्यावर असेल, शोध.

शनिवारी सकाळी जिमला येतो. दर्जीची कापडी टेप आण. वाटीच्या वरच्या कडेपासून १० सेंटिमीटर वर पेनाने खूण करून दोन्ही मांड्यांचा घेर घेऊ, मग पुढे दर चार आठवड्यांनी. आणि हाफ पँट घाल, ट्रॅक पँटवरून माप येत नाही.

तुझा,
विन्या

ता. क. कॅल्शियमची पट्टी आजच थायरोनॉर्मजवळून उचलून रात्रीच्या ताटाजवळ ठेव.