'पेज एक्स्पायर्ड' म्हणजे मुदत संपली असं नव्हे

महोदय,

गेल्या जूनमध्ये माझ्या भाचीचा वसतिगृहाचा अर्ज राहून गेला. शेवटचा दिवस होता. तासगावच्या नेट कॅफेत बसून तिने भलामोठा फॉर्म भरला. उत्पन्नाचा दाखला घरी राहिला म्हणून तिचे वडील तो आणायला गावी गेले. अडीच तासांनी दाखला स्कॅन करून तिने 'सबमिट' दाबलं, तर कोऱ्या पानावर इंग्रजीत एवढंच : '४१९, पेज एक्स्पायर्ड'. कॅफेवाला म्हणाला, मुदत संपली. पोर रडत घरी गेली. मुदत रात्री बारापर्यंत होती.

मला हे दुसऱ्या दिवशी कळलं. मी सांगलीत बारा वर्षं पीएचपी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत, बहुतेक लाराव्हेल या तिच्या तयार सांगाड्यावर (फ्रेमवर्कवर), वेबसाइट बनवते. ते पान मी लगेच ओळखलं. तुमच्या नावाने परक्या साइटने फॉर्म पाठवू नये म्हणून लाराव्हेलमध्ये फॉर्मला एक गुप्त टोकन, म्हणजे ओळखीची खूण, जोडलेलं असतं. ते सेशनबरोबर, म्हणजे साइट तुम्हाला लक्षात ठेवते तेवढा वेळ, जगतं, आणि सेटिंग बदललं नसेल तर काही हालचाल न झाल्यास १२० मिनिटांनी सेशन संपतं. सुरक्षेचं काम चोख झालं होतं. चुकलं ते त्यापुढचं : अर्ज भरणाऱ्या मुलीशी तिच्या भाषेत बोलायचं कुणी मनावरच घेतलं नाही.

पानांचे साचे असतात त्या 'व्ह्यूज'मधल्या 'एरर्स' फोल्डरात ४१९ नावाची ब्लेड (लाराव्हेलच्या साच्याची) फाइल टाकली की लाराव्हेल आपलं पान सोडून तीच दाखवतं. 'तुमचा अर्ज अजून पोहोचलेला नाही. मुदत आज रात्री १२ पर्यंत आहे. फॉर्मचं पान नव्याने उघडून पुन्हा भरा आणि पाठवा,' एवढं मराठीत लिहायला अर्धा तास पुरे. लॉगिन नसलेल्या अशा फॉर्मवर तर ही चूक कोडमध्येच पकडून भरलेल्या माहितीसह माणसाला परत फॉर्मवर आणता येतं. जोडलेल्या फाइली तेवढ्या पुन्हा द्याव्या लागतात. पैसे भरताना येणाऱ्या ५०० च्या, म्हणजे सर्व्हरमधल्या बिघाडाच्या, पानावर 'पैसे कापले गेले असतील तर पुन्हा भरू नका' हे वाक्य हवंच. पान कितीही सौम्य करा, सर्व्हरने कोड मात्र ५०० च पाठवावा, नाहीतर बिघाड झाल्याचं देखरेखीच्या यंत्रणेला कळतच नाही.

याच्या उलट टोकाची साइटही मी पाहिली आहे. डिबग, म्हणजे प्रोग्रॅमरला चुका शोधायला तपशील दाखवणारी सोय, चालूच ठेवलेलं, आणि चूक होताच फाइलींचे पत्ते आणि कोडच्या ओळी जगापुढे उघड्या. तेव्हा लाराव्हेलचं हे डिबग-पान दाखवणाऱ्या इग्निशन नावाच्या पॅकेजमध्ये २०२१ मध्ये अशी फट उघड झाली होती की डिबग चालू असलेल्या सर्व्हरवर परक्याला आपला कोड चालवता येई. चुकांचा तपशील लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, जावा, लोकांपुढे नव्हे.

वेबसाइटचं काम देताना संस्थांनी ही पानं करारातच मागावीत आणि ताब्यात घेण्यापूर्वी मुद्दाम चुका करून पाहाव्यात. ४०४ (पान सापडलं नाही), ४१९, ५०० आणि ५०३ (सेवा तात्पुरती बंद) ची मराठी पानं मी तयार केली आहेत. कुठल्याही शाळेला, वसतिगृहाला, ग्रामपंचायतीला हवी असल्यास विनामूल्य देईन, बसवूनही देईन.

– एक वेब प्रोग्रॅमर, सांगली