बंड्यास पत्र: सोमवारी पहाटे पाच वाजता

बफेलो, न्यूयॉर्क
गुरुवार, २३ जानेवारी २०२५

प्रिय बंड्या,
सप्रेम नमस्कार.

तुझ्याकडच्या सोमवारी सकाळी फोन केला तेव्हा इथे रविवारची रात्र होती. बाहेर बर्फ, आणि घरात आठ-दहा जणांचा आरडाओरडा. इथल्या अमेरिकन फुटबॉल संघाने, म्हणजे बिल्सनी, नुकतंच बाल्टिमोरच्या रॅव्हन्सना २७-२५ असं हरवलं होतं. तू म्हणालास, "जिंकलात ना? मग आवाज का असा पडलाय?" त्या गोंधळात नीट सांगता आलं नाही. कारण एवढंच, की पुढची गाठ कॅन्सस सिटी चीफ्सशी आहे.

येत्या रविवारी संध्याकाळी साडेसहाला त्यांच्या ॲरोहेड स्टेडियमवर सामना. सांगलीत तेव्हा सोमवारचे पहाटेचे पाच वाजलेले असतील. प्रजासत्ताक दिनाची सुट्टी यंदा रविवारात गेली, सोमवारी तुला कामावर जायचंय, तरी उठतो म्हणालास. म्हणून हे लांबलचक लिहितोय. नुसता चेंडूमागे डोळे लावून बसलास तर निम्मा खेळ सुटेल तुझ्या हातून.

जिंकेल तो ९ फेब्रुवारीला न्यू ऑर्लीन्सला सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, खेळेल. चीफ्सनी मागचे दोन्ही सुपर बोल जिंकलेत. लागोपाठ तीन आजवर कुणालाच जमलेले नाहीत, आणि त्यांना ते करायचंय. बिल्सकडे एकही नाही. १९९१ ते १९९४ सलग चार वेळा अंतिम सामना गाठला आणि चारही वेळा हरले.

आणि आजची तारीख बघ. तीन वर्षांपूर्वी याच दिवशी, ॲरोहेडवरच, आमच्या जॉश ॲलनने (हा क्वार्टरबॅक, म्हणजे पास देणारा मुख्य गडी) शेवटची तेरा सेकंद उरली असताना टचडाउनचा, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेणारा, पास देऊन बिल्सना ३६-३३ असं पुढे नेलं होतं. तेरा सेकंद, गड्या. चीफ्सच्या पॅट्रिक मॅहोम्सने त्यात दोन पास दिले, एक टायरीक हिलला, एक ट्रॅव्हिस केल्सीला, आणि त्यांच्या बटकरने ४९ यार्डांवरून किक मारून बरोबरी साधली. जादा वेळेत नाणेफेक त्यांनी जिंकली, टचडाउन केलं, सामना संपला. ४२-३६. ॲलनच्या हातात चेंडू आलाच नाही. त्यानंतर लीगने नियम बदलला. आता प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या, जादा वेळेत दोन्ही संघांना चेंडू मिळतो. आमचा सामना मात्र परत मिळाला नाही. इथे किराणा दुकानात कुणाला नुसतं "तेरा सेकंद" म्हटलं तरी समोरचा मान खाली घालतो.

प्लेऑफमध्ये ॲलन आणि मॅहोम्स तीनदा समोरासमोर आले आणि तिन्ही वेळा मॅहोम्स जिंकला. साखळी सामन्यांत उलट आहे, पाचपैकी चार ॲलनने घेतलेत. आणखी एक गोष्ट तुला ठाऊक नसेल. २०१७ च्या खेळाडू निवडीत दहाव्या क्रमांकाने नवा खेळाडू घ्यायचा हक्क मुळात बिल्सचा होता. त्यांनी तो चीफ्सना देऊन टाकला, बदल्यात नंतरचे क्रमांक घेतले. चीफ्सनी त्या दहाव्या क्रमांकावर घेतला तो मॅहोम्स. पुढच्या वर्षी बिल्सनी ॲलनला घेतलं. कॅलिफोर्नियातल्या शेतकऱ्याचा पोरगा. शाळेतून बाहेर पडताना एकाही मोठ्या विद्यापीठाने त्याला विचारलं नव्हतं. मला तो आवडतो तो इथूनच.

पण आता मुद्द्याचं. टीव्हीवर दिवसभर "ॲलन विरुद्ध मॅहोम्स" चाललंय, आणि मला ते पटत नाही. दोघेही क्वार्टरबॅक, एक खेळत असताना दुसरा बाकावर, त्यामुळे ते दोघे एका क्षणीही मैदानात एकत्र नसतात. आपण कबड्डी खेळायचो तेव्हा टाळ्या चढाई करणाऱ्याला मिळायच्या, पण सामना कोपरे जिंकून द्यायचे, आठवतं? इथे ते काम पुढची फळी करते. प्रत्येक वेळी खेळ सुरू करायला चेंडू मागे सुटला की पहिले दोन सेकंद तू ॲलनकडे बघूच नकोस, त्याच्यासमोरच्या पाच धिप्पाड गड्यांकडे बघ.

या पाच जणांनी यंदा जे केलंय त्याला तोड नाही. साखळीच्या सतरा सामन्यांत ॲलन फक्त १४ वेळा पाडला गेला, लीगमध्ये सगळ्यांत कमी. साऱ्या हंगामात बिल्सनी फक्त आठ वेळा चेंडू गमावला. पूर्वी ॲलन प्रत्येक चेंडूवर काहीतरी अचाट करायला जायचा आणि त्यातच घात व्हायचा. यंदा तो थांबायला शिकलाय. रॅव्हन्सविरुद्ध त्याचे पास सगळे मिळून १२७ यार्डांचे. एवढ्यात प्लेऑफचा सामना जिंकलो, कारण चेंडू एकदाही गमावला नाही आणि समोरच्यांनी तीनदा गमावला.

माझ्या मते रविवारची सगळी व्यूहरचना यातच आहे. मॅहोम्सला अडवायचा सगळ्यांत खात्रीचा मार्ग म्हणजे त्याला बाकावर बसवून ठेवणं. आघाडी असताना शेवटच्या मिनिटांत आपण चढाईला जाऊन तीस सेकंद नुसता दम घुमवायचो ना, तसं. फक्त इथे सामनाभर. जेम्स कुकला, ४ नंबर, चेंडू द्यायचा, चार यार्ड, पुन्हा तीन यार्ड. घड्याळ पळू द्यायचं. कधीकधी पाचांच्या फळीत सहावा गडी येऊन उभा राहील. तो ॲलेक अँडरसन. तो आला की समज, आता ताकदीने घुसायचंय. हे बघायला कंटाळवाणं वाटेल तुला. वाटू दे. मी मात्र त्यावेळी सगळ्यांत सुखात असेन.

याला चीफ्सकडे उत्तर आहे, आणि ते जबरदस्त आहे. त्यांच्या बचावाचा प्रशिक्षक स्टीव्ह स्पॅग्न्युओलो. हा माणूस कुठून कोण धावून येईल याचा पत्ता लागू देत नाही. कडेला पास झेलणाऱ्या रिसीव्हरवर पाळत ठेवून उभा असलेला ट्रेंट मॅकडफी, २२ नंबर, चेंडू सुटताच एकदम क्वार्टरबॅकवर झेपावतो, आणि जो येणार असं वाटत होतं तो मागे सरकतो. आणि मधोमध ख्रिस जोन्स, ९५ नंबर. त्याच्यासमोर आमचा ओसायरस टॉरेन्स, ६४, दुसऱ्याच वर्षाचा पोर. माझ्या दृष्टीने रविवारची खरी कुस्ती ही आहे. जोन्स एकटा टॉरेन्सला रेटून मागे नेऊ लागला, तर मधला कॉनर मॅकगव्हर्न मदतीला वळणार, आणि तो वळला की स्पॅग्न्युओलो नेमका तिथूनच माणूस सोडणार. तिसऱ्या डाउनला (दहा यार्ड पुढे जायला ज्या चार संधी मिळतात, त्यातली एकेक म्हणजे डाउन) जोन्स कधीकधी कडेला जाऊन उभा राहतो. तेव्हा तर डोळ्यांत तेल घालून बघ. गेल्या शनिवारी यांनीच ह्यूस्टनच्या क्वार्टरबॅकला आठ वेळा पाडलंय.

त्यावर तोड म्हणजे चेंडू पटकन सोडणं. खलील शकीर, १० नंबर, तिरपा आत येतो, पाच यार्डांवर चेंडू घेतो आणि मग एकेकाच्या हातातून निसटतो. नोव्हेंबरात त्याने यांच्याविरुद्ध आठ झेल घेतले होते. आवाजाचंही लक्षात घे. ॲरोहेडवर २०१४ साली १४२.२ डेसिबलची नोंद झाली, जागतिक विक्रम. ॲलन ओरडला तरी शेजारच्याला ऐकू जाणार नाही, सगळं खुणांवर चालेल. पण साखळीत आम्ही तिथे २०२१, २०२२ आणि २०२३, तिन्ही वर्षी जिंकलोय. आवाजाची भीती मला नाही.

नोव्हेंबरचं सांगायलाच हवं. १७ तारखेला चीफ्स इथे आले तेव्हा नऊपैकी नऊ जिंकून आले होते. शेवटी बिल्स २३-२१ असे पुढे, अडीच मिनिटंही उरली नव्हती, चौथा डाउन, हवे होते दोन यार्ड. किक मारली असती तर तीन गुण मिळून आघाडी पाचाची झाली असती, आणि चेंडू मॅहोम्सच्या हातात. प्रशिक्षक शॉन मॅकडर्मटने किक मारली नाही. ॲलनला पास द्यायला कुणी मोकळं दिसेना, म्हणून तो स्वतःच सुटला आणि माणसं अंगावर घेत २६ यार्ड पळत थेट टचडाउन. ३०-२१. मी शेजाऱ्याला कडकडून मिठी मारली. तेरा सेकंदांपासून मॅकडर्मट काय शिकला, ते मला त्या निर्णयात दिसलं. मॅहोम्सला वेळ ठेवायचा नाही.

रविवारीही असे चौथे डाउन येतील, आणि माझं ठाम मत आहे की मैदानाच्या अर्ध्याच्या पुढे असलो तर किक न मारता खेळायचंच. एक यार्ड हवा असेल तेव्हा ॲलन मधल्या गड्याच्या पाठीला चिकटून पुढे घुसतो आणि मागून बाकीचे ढकलतात. यंदा हे फार वेळा साधलंय. पण चीफ्सनीही ते बघितलंय, त्यामुळे तेच तेच किती वेळा करायचं, हा प्रश्न मला छळतोय.

आता उलट बाजू, म्हणजे चेंडू चीफ्सकडे असताना. तिथे मला झोप येत नाही.

चीफ्सची एक दुखरी जागा आहे. त्यांच्या फळीच्या डाव्या टोकाला वर्षभर कुणी टिकेना, म्हणून डिसेंबरपासून त्यांनी जो थ्यूनीला, ६२ नंबर, तिथे उभं केलंय. तो मुळात आतल्या जागेचा खेळाडू, आणि त्या जागेवर अव्वल. टोकावर मात्र त्याला उपरं वाटत असणार. त्याच्या जुन्या जागी आता माइक कॅलिएंडो आहे. म्हणजे एका भोकासाठी दोन जागा हलल्या. आमचा ग्रेग रूसो, ५०, लांब हातांचा, आणि आत एड ऑलिव्हर, ९१. या दोघांनी तिथूनच घर फोडायला हवं. पण बेभान धावून नाही. मॅहोम्सच्या बाजूने पुढे निघून गेलात की तो मधून पळतो, आणि तिसऱ्या डाउनला हवे तेवढेच यार्ड घेऊन घसरत बसतो. तेव्हा हळूहळू, साखळी न तोडता पुढे सरकायचं. कोपऱ्याने घाईने उडी घेतली की मास्तर आपल्याला काय म्हणायचे ते आठव.

आणि केल्सी, ८७. पस्तिशीचा झालाय, पूर्वीसारखा पळत नाही. पण दोन बचावपटूंच्या मधली मोकळी जागा त्याला जशी दिसते तशी कुणालाच दिसत नाही. तिथे जाऊन तो नुसता थांबतो आणि मॅहोम्सला ते न बघता कळतं. नोव्हेंबरात आम्ही त्याला दोन झेल आणि आठ यार्डांवर रोखलं होतं. गेल्या शनिवारी त्याने सात झेल आणि ११७ यार्ड काढले. प्लेऑफला तो वेगळाच माणूस असतो. नोव्हेंबरात दुखापतीमुळे नसलेला मॅट मिलानो, ५८, आता परत आलाय. तो केल्सीच्या आसपास असला की मी जरा श्वास घेईन. काळजी मागच्या फळीची आहे. ख्रिश्चन बेनफर्डच्या डोक्याला गेल्या सामन्यात मार बसलाय, तपासणी चालू आहे. टेलर रॅपचं कंबरेचं दुखणं आहे, तो खेळेलसं वाटत नाही. नोव्हेंबरात पहिल्याच खेपेला मॅहोम्सचा पास पळवणारा हाच रॅप. त्याच्या जागी नवखा कोल बिशप येईल, आणि मॅहोम्स त्याला हुडकून काढणार हे नक्की. तिसऱ्या डाउनला आमचा बचाव वर्षभर ढिला आहे, तो एका रात्रीत घट्ट होणार नाही. म्हणून तर म्हणतो, चेंडू आपल्याकडे ठेवा.

आणखी एक. यंदा एका टचडाउनच्या फरकाच्या आतले सगळे सामने चीफ्सनी जिंकलेत. शेवटी काट्यावर आलं तर ते घाबरत नाहीत. आम्हाला नुसत्या तीन-तीन गुणांच्या किका पुरणार नाहीत. जवळ गेलो की टचडाउनच हवं.

किकवरून शेजारच्या आजोबांचं सांगतो. त्या चारांतला पहिला, १९९१ चा सुपर बोल बिल्स २०-१९ असा हरले. शेवटची ४७ यार्डांची किक स्कॉट नॉरवुडने मारली, ती उजवीकडून बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी इथल्या नायगारा चौकात संघाच्या स्वागताला हजारो लोक जमले आणि नॉरवुडच्या नावाचा गजर करू लागले, त्याला पुढे बोलवा म्हणून. तो रडत पुढे आला. आजोबा त्या गर्दीत होते. गेल्या जानेवारीत टायलर बासची ४४ यार्डांची किकही तशीच उजवीकडे गेली आणि चीफ्सशीच २७-२४ हरलो, तेव्हा लोकांनी काय केलं? बास मांजरांच्या ज्या संस्थेला मदत करतो, तिला देणग्यांची रीघ लावली. मी परगावचा, परदेशातला माणूस, मला या गावाने धरून ठेवलं ते अशा गोष्टींनी. रविवारी आजोबा माझ्याकडेच येणार आहेत. मिसळ करतोय, त्यांच्यापुरता कट बेताचा.

तू साडेचारचा गजर लाव. पांढऱ्या जर्सीतले आपण, लाल ते. १७ नंबर ॲलन, १५ मॅहोम्स. पहिल्या चौथ्या डाउनला मी फोन लावीन. बोलणं होणार नाही माझ्याच्याने, तू फक्त उचल आणि तसाच चालू ठेव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
पम्या