हेल्पलाइनवरच्या ताईंना

ताई, नमस्कार.

रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांचे फोन तुम्ही रोज घेता. त्यातला माझा कोणता, हे तुमच्या लक्षात असायचं काही कारण नाही. मला मात्र तुमचे प्रश्न अजून त्याच क्रमाने पाठ आहेत, आणि मुख्य आभार त्या प्रश्नांचेच मानायचे आहेत.

पहिला प्रश्न गाडीबद्दल नव्हताच. "तुम्ही गाडीत आहात की बाहेर?" मी म्हटलं, गाडीतच आहे, सोबत आई आणि मुलगा आहे, बाहेर खूप अंधार आहे. त्यावर गाडीचा नंबरसुद्धा न विचारता तुम्ही म्हणालात, "आधी सगळे उतरा. रहदारीच्या बाजूचं दार उघडू नका, दुसऱ्या बाजूने उतरा आणि कठड्यापलीकडे जा. गाडीच्या पुढे थांबू नका, मागून कोणी धडकलं तर गाडी पुढेच फेकली जाते." आई हळू चालते, हे मी सांगितलं. तुम्ही म्हणालात, "हळू चालू द्या, मी फोनवर आहे." त्या एका वाक्याने माझा आवाज ताळ्यावर आला.

ताशी 100 किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ 28 मीटर कापते, हे गणित मी नंतर करून पाहिलं. गाडीच्या मागे पन्नास मीटरवर ठेवलेला इशाऱ्याचा लाल त्रिकोण मागच्या चालकाला दोन सेकंदही देत नाही. तुम्ही मला तो आणखी लांब, कठड्यामागून चालत नेऊन ठेवायला का सांगितलंत, आणि नेताना छातीसमोर धरायला का लावलंत, ते तेव्हा पूर्ण उमगलं. जिथे कठडा नाही किंवा चालायलाच जागा नाही, तिथे त्रिकोणाच्या नादी लागू नका, हेही तुम्ही बजावलंत. एरवीच्या सल्ल्यांत हे वाक्य फारसं ऐकायला मिळत नाही.

मग जागा. "जवळचा किलोमीटरचा दगड दिसतो का? त्यावरचा आकडा वाचा." आणि लगेच, "तुमच्या गाडीचं तोंड कोणत्या गावाकडे आहे?" मध्ये दुभाजक असेल तर मदतीची गाडी चुकीच्या बाजूला येऊन काहीच उपयोग नसतो, तिला पुढच्या वळणापर्यंत जाऊन परत फिरावं लागतं. फोनवरचा नकाशा ठिपका दाखवतो, पण दोन्ही बाजू इतक्या जवळ असतात की बाजू कोणती हे त्यावरून खात्रीने कळत नाही. आता लांबच्या प्रवासात माझा मुलगा अधूनमधून दगडावरचे आकडे मोठ्याने वाचतो. मी त्याला सांगितलेलं नाही, त्याने तुमचं बोलणं स्पीकरवर ऐकलं होतं.

गाडीचा प्रश्न त्यानंतर आला, आणि तिथे तुमची हुशारी दिसली. मी म्हटलं, बॅटरी उतरलीय, केबल घेऊन कोणाला तरी पाठवा. तुम्ही विचारलंत, "बंद पडायच्या आधी बॅटरीचा लाल दिवा लागला होता का? हेडलाइट मंद झाले होते?" दोन्ही झालं होतं. "मग दुसऱ्या बॅटरीवरून जंप देऊन भागणार नाही. अल्टरनेटर बॅटरी चार्जच करत नसणार. चालू झाली तरी थोड्या अंतरावर परत बंद पडेल, तीही चालत्या रहदारीत." बॅटरी सकाळी घरासमोर उतरणं वेगळं आणि चालता चालता संपणं वेगळं, हा फरक तुम्ही दोन प्रश्नांत काढलात. गॅरेजमध्येही अल्टरनेटरच निघाला.

लगेच पुढचं: "गिअर हाताने टाकता की ऑटोमॅटिक?" ऑटोमॅटिक म्हटल्यावर तुम्ही उचलून ओढणारी क्रेन न पाठवता सपाट पाठीचा ट्रक पाठवलात. इंजिन बंद असताना गिअरबॉक्समधला तेलाचा पंप फिरत नाही, आणि चालवणारी चाकं रस्त्यावर फिरत राहिली तर आतले भाग कोरडे घासतात, हे ट्रकवाल्या दादांनी गाडी चढवताना मला समजावलं. चुकीची गाडी आली असती तर अल्टरनेटरच्या जोडीला गिअरबॉक्सही जाऊ शकला असता.

शेवटी तुम्ही विचारलंत, "फोन किती चार्ज आहे?" तो अर्ध्याच्याही खाली होता आणि गाडीतून चार्ज होण्याचा प्रश्नच नव्हता. "मग मी ठेवते. तुम्ही फोन वापरू नका, थोड्या वेळाने मीच करते." आणि तुम्ही केलात. ट्रक येईपर्यंत पुन्हा पुन्हा केलात, दर वेळी आईची चौकशी करून.

त्या रात्रीनंतर गाडीची तयारी मी तुमच्या प्रश्नांवरून केली. अंधारात उतरायचं म्हणून चमकणारी जॅकेट डिकीत नाहीत, सीटखाली आहेत, कारण ती उतरण्याआधी अंगावर हवीत. विजेरी दाराच्या खणात. भरलेली पॉवर बँक नेहमी सोबत. बारा व्होल्टच्या सॉकेटमध्ये एक छोटा मीटर लावलाय: इंजिन चालू असताना तो साधारण 13.5 ते 14.5 दाखवतो, आणि आकडा बाराकडे घसरायला लागला की दिवे मंद व्हायची वाट न बघता सुरक्षित जागा गाठायची. एका कार्डावर गाडीचा नंबर, मॉडेल, ऑटोमॅटिक असल्याचं, विम्याचा आणि मदतीचा क्रमांक लिहून ते सन व्हायझरला अडकवलंय, त्याचा फोटो फोनमध्येही आहे. ओढण्यासाठीचा हुक कुठे आहे आणि बंपरवरचं कोणतं झाकण काढून तो फिरवून बसवायचा, हे दिवसाउजेडी एकदा करून पाहिलं. स्टेपनीतली हवाही आता बाकीच्या चार टायरांबरोबरच तपासून घेते, कारण न वापरताही ती कमी होत जाते.

यातलं बरंचसं माहितीपुस्तकात सापडतं. पण घाबरलेल्या माणसाला ते योग्य क्रमाने, एकही जास्तीचा शब्द न वापरता देता येणं ही तुमची कला आहे, आणि ती स्क्रीनवरच्या प्रश्नावलीतून येत नाही. कॉल संपल्यावर आलेल्या मेसेजमध्ये समाधानाचे तारे द्यायचे होते. ते सगळे दिले, पण त्यात तुमचं नाव लिहायला जागा नव्हती, म्हणून हे पत्र.

तुमच्या शेजारी बसून कोणी नवीन मुलगी काम शिकत असेल, तर तिला तो पहिला प्रश्न पहिलाच विचारायला शिकवा, एवढी विनंती. आईने तुम्हाला आशीर्वाद सांगितलेत.

मनापासून आभार.

तुमची,
त्या रात्री फोन केलेली एक चालक